सूत आधी आकड्यांत, मग पडद्यावर: धागा घडवायला शिकवताना सॉफ्टवेअर कसं वापरावं

वस्त्र-डिझाइनच्या बहुतेक पॅकेजमध्ये धागा बनवायला फारसा वेळ लागत नाही. रंग निवडायचा, जाडीची पट्टी सरकवायची, थोडा पोत टाकायचा, झालं. विद्यार्थी खूश होतो, प्रिंटही देखणी येते. पण तेच चित्र कताई खात्यात नेलं की तिथला माणूस तीनच गोष्टी विचारतो: काउंट (सुताच्या बारिकीचा आकडा; जितका मोठा तितकं सूत बारीक) किती, पीळ किती, आणि पीळ कुठल्या बाजूचा? चित्र काढणाऱ्याकडे उत्तर नसतं, कारण सॉफ्टवेअरनं त्याला हे कधी विचारलेलंच नसतं.

म्हणून इथे सुचवलेला क्रम नेहमीच्या उलटा आहे. सुरुवात स्प्रेडशीटनं करायची, मग त्रिमितीत एक साधा धागा उभा करायचा, त्याची तुलना खऱ्या सुताशी करायची आणि डिझाइन पॅकेज सगळ्यात शेवटी उघडायचं. सूत्र एकच: विद्यार्थ्यानं दिसणं भरायचं नाही, यंत्राला जे सांगावं लागतं ते भरायचं. दिसणं हे उत्तर म्हणून बाहेर यायला हवं.

साधनं कुठली

पहिल्या सत्रासाठी विकतचं काहीच लागत नाही. गणितासाठी लिब्रेऑफिस कॅल्क किंवा हाताशी असलेली कुठलीही स्प्रेडशीट, त्रिमितीसाठी ब्लेंडर, आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या फोटोवरून मोजमाप घेण्यासाठी इमेजजे. तिन्ही मोफत आहेत. नॉटिंगहॅम विद्यापीठात तयार झालेलं टेक्सजेन हेही मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर आहे आणि त्याचं नाव अशा चर्चेत हमखास निघतं. पण ते धाग्याला एक भरीव नळी मानतं: मार्गावरचे बिंदू द्या, छेदाचा आकार द्या, नळी तयार. त्यात तंतू दिसत नाहीत. विणीत धागे एकमेकांवरून कसे वळतात ते शिकवायला टेक्सजेन उत्तम. सूत कसं बनतं ते शिकवायला नाही. अराहवीव्ह, स्कॉटवीव्ह यांसारख्या व्यावसायिक पॅकेजमध्ये धाग्याचा स्वतंत्र संपादक असतो. त्याकडे शेवटी येऊ.

पहिली पायरी: सुताचं पत्रक

शीटचे दोन भाग करा. डावीकडे फक्त भरायच्या गोष्टी: तंतूची सूक्ष्मता, तंतूची लांबी, इंग्लिश काउंट, ट्विस्ट मल्टिप्लायर (पिळाचा गुणक), रोव्हिंगचा (कताईआधीच्या जाड, सैल दोरीचा) हँक म्हणजे तिचा काउंट, स्पिंडलचा (चातीचा) वेग. उजवीकडे निघणारी उत्तरं. उजवीकडचे सेल लॉक करून ठेवा, नाहीतर कुणीतरी हवा तो व्यास थेट टाइप करतो आणि सगळा खेळच संपतो.

सूत्रं मोजकीच आहेत. टेक्स (हजार मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन) म्हणजे ५९०.५ भागिले काउंट. छेदातल्या तंतूंची संख्या म्हणजे सुताचा टेक्स भागिले तंतूचा टेक्स. दर इंची पीळ म्हणजे ट्विस्ट मल्टिप्लायर गुणिले काउंटचं वर्गमूळ. सुती धाग्याच्या व्यासासाठी पीअर्सचं जुनं सूत्र पुरेसं आहे: व्यास इंचांत म्हणजे १ भागिले (२८ × √काउंट). पिळाच्या कोनाचा टॅन म्हणजे π × व्यास × दर एकक लांबीतले पीळ. ड्राफ्ट, म्हणजे रोव्हिंग ओढून किती पट बारीक केलं, तो सुताचा काउंट भागिले रोव्हिंगचा हँक. पुढच्या रोलरमधून सूत बाहेर पडण्याचा वेग म्हणजे स्पिंडलचा वेग भागिले दर इंची पीळ.

३० काउंटचं कापसाचं सूत घेऊन बघा. मायक्रोनेअर (कापसाच्या तंतूच्या सूक्ष्मतेचं माप) ४ असेल तर तंतू साधारण ०.१५७ टेक्सचा. सूत १९.७ टेक्सचं, म्हणजे छेदात सुमारे १२५ तंतू. मल्टिप्लायर ४ धरला तर दर इंची २१.९ पीळ, मीटरला सुमारे ८६३. व्यास ०.१६६ मिमी, कोन सुमारे २४ अंश. रोव्हिंग १ हँकचं असेल तर ड्राफ्ट ३०. स्पिंडल मिनिटाला १८,००० फेरे घेत असेल तर मिनिटाला जेमतेम २१ मीटर सूत बाहेर पडतं.

आता वर्गाला काउंट बदलायला सांगा. ३० च्या जागी १०, मग ६०. व्यास बदलतो, पीळ बदलतात, वेग बदलतो. कोन मात्र २४ वरच राहतो. इथे घाई करू नका, विद्यार्थ्यांना विचार करू द्या. व्यासाच्या सूत्रात √काउंट छेदात आहे आणि पिळाच्या सूत्रात अंशात. गुणाकारात दोन्ही उडून जातात आणि उरतं फक्त π × मल्टिप्लायर ÷ २८. म्हणजे ट्विस्ट मल्टिप्लायर हे वेगळ्या वेषातलं कोनाचंच माप आहे. 'होजिअरीला मल्टिप्लायर कमी, ताण्याला जास्त' हे पाठ केलेलं वाक्य इथे पहिल्यांदा डोळ्यांना दिसतं: ३.५ ला कोन २१ अंश, ५ ला २९. पाठोपाठ वेगाच्या सेलकडे लक्ष वेधा. मल्टिप्लायर ४ वरून ५ केला की उत्पादन पाचव्या हिश्शानं घटतं. जास्त पीळ फुकट मिळत नाही, हे सांगायला वेगळं व्याख्यान लागत नाही.

उजव्या भागात दोन-तीन धोक्याचे सेल ठेवा, मर्यादा ओलांडली की लाल होणारे. छेदात तंतू किती हवेत याला यंत्रानुसार खालची मर्यादा असते. रोटरला (स्पिंडलऐवजी फिरत्या वाटीत सूत कातणाऱ्या यंत्राला) साधारण शंभर धरतात, कार्डेड (फक्त पिंजलेल्या तंतूंच्या) रिंग सुताला म्हणजे स्पिंडलवर कातलेल्या सुताला त्याहून कमी चालतात, कोम्ब्ड (विंचरून आखूड तंतू काढलेल्या) सुताला आणखी कमी. जाड तंतूंतून ८० काउंट काढू पाहणारा विद्यार्थी इथेच अडला पाहिजे. त्रिमितीचं सॉफ्टवेअर त्याला कधीच अडवणार नाही.

दुसरी पायरी: असमानता पेरणं

पडद्यावरचा धागा खोटा वाटतो तो मुख्यतः या कारणानं की तो सगळीकडे सारखा असतो. बहुतेक जण मग जाडीत थोडा 'नॉइज' मिसळतात. तसं करू नका. असमानता कुठून येते तेच शीटमध्ये घडवा, ते अजिबात अवघड नाही.

एका स्तंभात सुताचा एकेक सेंटिमीटर मांडा. तंतू सगळे ३ सेंटिमीटर लांब आहेत असं समजा. छेदात सरासरी १२५ हवेत, तर दर सेंटिमीटरला सरासरी ४२ नवे तंतू सुरू व्हायला हवेत. नेमके किती, हे नशिबावर सोडा: सरासरी ४२, प्रमाण विचलन ६.५ धरून नॉर्मल वितरणाच्या उलट्या फंक्शनला रँडम संख्या द्या. शेजारच्या स्तंभात प्रत्येक ठिकाणची जाडी म्हणजे तो सेल आणि वरचे दोन अशा तिघांची बेरीज. बस. दोन-तीन हजार ओळी खाली ओढा आणि आलेख काढा. जाडीचे चढउतार टोकदार न दिसता लहरत जातात, कारण एकच तंतू सलग तीन सेलमध्ये हजर असतो.

या स्तंभाचा सीव्ही (प्रमाण विचलन भागिले सरासरी, टक्क्यांत) काढला की ९ टक्क्यांच्या जवळ येतो. मार्टिंडेलचं मर्यादेचं सूत्र, १०० भागिले √तंतूसंख्या, तेच सांगतं: ८.९. कापसाच्या तंतूंची स्वतःची जाडीही कमीजास्त असते म्हणून तिथे १०० ऐवजी १०६ घेतात आणि ९.५ येतं. यंत्र कितीही चांगलं असो, याच्या खाली जाता येत नाही. प्रयोगशाळेत मोजलेलं सूत याहून नेहमीच वाईट निघतं, आणि ती तफावत ड्राफ्टिंगची: आखूड तंतू रोलरांच्या पकडीबाहेर तरंगतात, गटानं पुढे ओढले जातात.

यंत्रातला दोष मिसळायचा तर जाडीत एक साइन लहर घाला. २७ मिमी व्यासाचा पुढचा रोलर किंचित वाकडा असेल तर दोष त्याच्या परिघाइतक्या अंतरानं, म्हणजे सुमारे ८.५ सेंटिमीटरला, परत येतो. आलेखात ही लहर बाकीच्या गोंधळात जवळजवळ बुडून जाते. कापडात मात्र ती लपत नाही, आणि ते दाखवायची सोपी युक्ती अशी: स्तंभातले आकडे दुसऱ्या शीटवर १०० रकान्यांच्या ओळींत एकाखाली एक मांडा, जणू मीटरभर रुंद कापडात एकामागून एक बाणे पडत आहेत. सेलना जाडीप्रमाणे राखाडी छटा द्या. कापडावर तिरपे पट्टे उमटतात. रुंदी १०२ रकाने केली की तेच पट्टे उभे होतात, कारण १०२ मध्ये ८.५ बरोबर बारा वेळा बसतात. धोट्याचा माग दाखवायचा असेल तर एकाआड एक ओळ उलटी लिहा; आकृती पुन्हा बदलते. सूत तेच, दोष तोच, फक्त कापडाची रुंदी वेगळी. मुलांना सगळ्यात जास्त वेळ गुंतवून ठेवणारा हाच सराव आहे, आणि त्यासाठी त्रिमितीचं एकही सॉफ्टवेअर उघडावं लागलेलं नाही.

मागच्या रोलरचा दोष ड्राफ्टनं गुणला जातो हेही इथेच दाखवता येतं. तेवढ्याच परिघाच्या रोलरला ३० चा ड्राफ्ट असेल तर लहर अडीच मीटरची होते.

तिसरी पायरी: ब्लेंडरमध्ये दुपदरी धागा

एकपदरी सुताचे १२५ तंतू पहिल्याच दिवशी उभे करायचा मोह टाळा; संगणक दमतो आणि शिकण्यासारखं फार काही हाती लागत नाही. दुपदरी धाग्यापासून सुरुवात करा. १ मिमी म्हणजे ब्लेंडरचं १ एकक असं ठरवून घ्या. खरी मापं मीटरमध्ये टाकली तर धागा इतका बारीक होतो की झूम करताना दिसेनासाच होतो.

१. एखादी साधी वस्तू घेऊन जॉमेट्री नोड्समध्ये नवी रचना सुरू करा आणि 'स्पायरल' हा नोड आणा. उंची १०, म्हणजे १० मिमी सूत.

२. पदर ३० काउंटचे असतील तर सुरुवातीची आणि शेवटची त्रिज्या दोन्ही ०.०८३ ठेवा. दोन गोल पदर एकमेकांना टेकले की प्रत्येकाचा मध्य अक्षापासून बरोबर अर्ध्या व्यासावर येतो. फेरे पत्रकातून घ्या: दुपदरीचा पीळ इंचाला १५, म्हणजे १० मिमीत ५.९.

३. 'कर्व्ह सर्कल' नोडला तीच ०.०८३ त्रिज्या देऊन 'कर्व्ह टू मेश'मध्ये छेद म्हणून जोडा. एक पदर तयार.

४. 'ट्रान्सफॉर्म जॉमेट्री'नं त्याची प्रत उभ्या अक्षाभोवती १८० अंश फिरवा आणि 'जॉइन जॉमेट्री'नं दोन्ही एकत्र करा. तिपदरी हवा असेल तर १२० अंश, आणि मध्याची त्रिज्या पदराच्या व्यासाच्या ०.५७७ पट.

५. स्पायरलमधला 'रिव्हर्स' पर्याय चालू-बंद करून पिळाची बाजू बदलते. धागा उभा धरल्यावर तिरप्या रेषा इंग्रजी 'एस'च्या मधल्या रेषेसारख्या जातात की 'झेड'च्या, हे प्रत्येकानं स्वतः पाहून पत्रकात लिहायचं. सॉफ्टवेअरच्या नावावर विसंबू नका.

आता त्रिज्या, फेरे आणि उंची हे तिन्ही आकडे पत्रकातून आले आहेत की डोळ्याला बरे दिसतात म्हणून टाकले आहेत, हे तपासा. दुसरा प्रकार वर्गात सर्रास आढळतो.

पुढची गोष्ट पृष्ठभागाची. पदरांवर तंतूंच्या तिरप्या रेषांचा पोत चढवायचा तर कोन किती द्यायचा? एकपदरी सुताचा पीळ झेड आणि दुपदरीचा एस असेल, आणि दुपदरीचा पीळ एकपदरीच्या साधारण दोन-तृतीयांश ते सात-दशांश असेल, तर धागा बराचसा संतुलित होतो आणि मोकळा सोडल्यावर स्वतःभोवती गुंडाळत नाही. अशा धाग्यात पृष्ठभागावरचे तंतू धाग्याच्या अक्षाला जवळजवळ समांतर दिसतात. विद्यार्थी मात्र हमखास तंतू पदराच्याच दिशेनं तिरके काढतात, कारण डोळ्यासमोर दोरखंडाचं कार्टूनी चित्र असतं. हा एक तपशील नीट जमला की चित्र एकदम खरं वाटू लागतं.

तयारीच्या गटाला एकपदरी सुताकडे न्या. प्रत्येक तंतू म्हणजे एक सर्पिल; सगळ्यांचे दर लांबीचे फेरे सारखे, त्रिज्या वेगळी. त्यामुळे बाहेरचा तंतू जास्त तिरपा आणि गाभ्यातला सरळ. मग प्रश्न टाका: बाहेरचा तंतू कायम बाहेरच राहिला तर त्याला दाबून धरणारं कोण? असं सूत थर सुटत उलगडून जाईल. खऱ्या सुतात तंतू आतबाहेर करत जातात. मॉर्टन आणि येन यांनी १९५२ मध्ये हे दाखवलं तेव्हा थोडेच तंतू रंगवून सूत कातलं आणि ते तंतूंच्याच अपवर्तनांकाच्या द्रवात बुडवलं. बिनरंगी तंतू दिसेनासे झाले आणि रंगीत तंतूचा मार्ग उघडा पडला. ब्लेंडरमध्ये हा प्रयोग सोपा आहे. सगळे तंतू पारदर्शक करा, एकच लाल ठेवा, आणि 'सेट पोझिशन'नं त्याची त्रिज्या लांबीप्रमाणे हळूहळू कमीजास्त करा.

चौथी पायरी: फॅन्सी धागे

इथे सॉफ्टवेअर सगळ्यात आकर्षक दिसतं आणि सगळ्यात जास्त फसवतं.

स्लब धाग्याला (मधूनमधून मुद्दाम जाड ठेवलेल्या) चार गोष्टी लागतात: मूळ जाडी, स्लबची पट, स्लबची लांबी आणि दोन स्लबमधलं अंतर. मूळ सूत २० टेक्स, स्लब दुप्पट जाड, लांबी ५० मिमी, अंतर १५० मिमी असेल तर २०० मिमीच्या एका आवृत्तीत सरासरी २५ टेक्स येते. काउंट साडेएकोणतीस समजून कापडाचं वजन काढणाऱ्याला ते प्रत्यक्षात २३.६ काउंटनं भरावं लागतं. हा सरासरीचा सेल पत्रकात सक्तीचा करा. स्लबची लांबी तंतूच्या लांबीहून कमी असेल तर सेल लाल व्हावा: रोलरचा वेग कितीही झटकन वाढवला तरी तंतू त्याच्या लांबीइतका पसरणारच. शिवाय पीळ बारीक जागी धावतो आणि स्लब सैल, मऊ राहतो. सगळीकडे सारखा पीळ दाखवणारं चित्र म्हणूनच चूक आहे. अंतरही ठरावीक ठेवू नका. १२० ते २६० मिमी असा पट्टा देऊन त्यातून रँडम निवडा. ठरावीक ठेवलं तर काय होतं ते मघाच्या राखाडी शीटवर स्लबच्या आकड्यांनी पाहून घ्या.

बुक्ले आणि लूप धाग्यात तीन घटक असतात: गाभा, इफेक्ट आणि बांधणारा बाइंडर. किल्ली आहे ओव्हरफीड, म्हणजे गाभ्याच्या तुलनेत इफेक्ट किती पट लांब सोडला. गाभा २० टेक्सचे दोन, इफेक्ट ६० टेक्स दुप्पट फीडनं, बाइंडर १० टेक्स: एकूण ४० + १२० + १० = १७० टेक्स. पिळानं होणारं आकुंचन त्यात अजून धरलेलं नाही.

दुप्पट लांबीचा इफेक्ट जातो कुठे? सर्पिलाची लांबी भागिले अक्षाची लांबी म्हणजे √(१ + (२πrT)²); r ही त्रिज्या, T हे दर एकक लांबीतले पीळ. हे २ बरोबर असेल तर २πrT चं मूल्य १.७३, म्हणजे इफेक्ट ६० अंशांत गुंडाळला गेला. मीटरला ४०० पीळ असतील तर त्रिज्या ०.६९ मिमी. आता दुसऱ्या टप्प्यात बाइंडर उलट्या दिशेनं पिळला आणि मूळचा निम्मा पीळ उलगडला, तर तीच लांबी सामावायला त्रिज्या १.३८ मिमी लागते. खऱ्या धाग्यात इतकं नीटस सर्पिल टिकत नाही. सैल झालेला इफेक्ट बाहेर फुगतो आणि बाइंडर त्याला जागोजागी चिमटतो. तीच ती वेटोळी. ब्लेंडरमध्ये दोन्ही त्रिज्यांचे धागे शेजारी शेजारी ठेवा, दुसरा टप्पा उलट दिशेनं का असतो ते आपोआप कळतं. वेटोळी ब्रशनं रंगवणाऱ्याला ते कधीच कळत नाही.

पाचवी पायरी: खऱ्या सुताशी गाठ

पत्रकाप्रमाणे शक्य असेल तर सूत कातून घ्या. नसेल तर त्याच काउंटचं तयार सूत चालेल. रॅप रीलवर १०० मीटर काढून वजन करा आणि टेक्स काढा, ट्विस्ट टेस्टरवर पीळ मोजा, सूक्ष्मदर्शकाखाली पट्टीसह फोटो घ्या. इमेजजेमध्ये 'सेट स्केल'नं माप लावा, कोनाच्या साधनानं दहा-वीस ठिकाणी पिळाचा कोन आणि तितक्याच ठिकाणी व्यास मोजा, आणि पत्रकात अंदाजाशेजारी नवा स्तंभ भरा.

आकडे जुळणार नाहीत. व्यास बहुधा जास्त येतो, कारण सुताची कड नेमकी कुठे धरायची यावर एकमत नसतं. केसाळ तंतू धरायचे की नाही ते मोजण्याआधी वर्गात ठरवून घ्या. पिळानं सूत आखडतं, म्हणून ड्राफ्टवरून काढलेल्या काउंटपेक्षा ते थोडं जाड भरतं. पीअर्सच्या सूत्रात तंतूंची दाटी गृहीत धरलेली आहे. मऊ पिळाच्या किंवा रोटरच्या सुताला ती जशीच्या तशी लागू पडत नाही. प्रत्येक तफावतीपुढे विद्यार्थ्यानं एका वाक्यात कारण लिहावं. 'मोजण्यातली चूक' हे कारण एकदाच मान्य करा.

सहावी पायरी: आता डिझाइन पॅकेज

इथवर आल्यावर व्यावसायिक पॅकेजचा संपादक तासाभरात समजतो, कारण त्यातल्या रकान्यांचा अर्थ आधीच माहीत झालेला असतो. काउंट भरून व्यास पॅकेजलाच काढू द्या आणि तो पत्रकाशी ताडून बघा; फरक पडला तर पॅकेजनं कुठली घनता धरली आहे ते सेटिंगमध्ये शोधा. मेलांज आणि मुलिने यांतला फरक रंगाच्या पातळीवर इथे छान दाखवता येतो: एकात रंग तंतूंमध्ये मिसळलेले, दुसऱ्यात पदर वेगवेगळ्या रंगांचे. मुलिनेत रंगबदलाचं अंतर पिळावरून ठरतं, म्हणून तेही हातानं टाकू देऊ नका. मग त्या धाग्याचं साधं विणकाम आणि एक सॅटिन करून घ्या, आणि चित्र खऱ्या मापात छापा. पडद्यावर दहा पट मोठं दिसणारं बुक्ले कागदावर नुसतं खरखरीत दिसतं, कधी कधी तेही नाही.

परीक्षेला धाग्याचं चित्र मागू नका. प्रत्येक गटाला अनोळखी फॅन्सी धाग्याचा हातभर तुकडा द्या. तो उलगडून घटक वेगळे करायचे, प्रत्येकाची लांबी आणि वजन मोजायचं, ओव्हरफीड काढायचं, दोन्ही टप्प्यांचा पीळ आणि दिशा लिहायची, पत्रक भरायचं आणि त्यावरून पडद्यावर धागा उभा करायचा. मग फक्त पत्रक दुसऱ्या गटाच्या हाती द्यायचं, चित्र नाही. दुसऱ्या गटानं त्यावरून धागा पुन्हा घडवायचा, पडद्यावर किंवा यंत्रावर. त्यांना पहिल्या गटाला जे प्रश्न विचारावे लागतील ते लिहून ठेवायला सांगा. दर प्रश्नाला पहिल्या गटाचा एक गुण कापा.